अभियांत्रिकीची मुळाक्षरे



वसंतातील व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, संगीत आणि राजकारण हे विषय नित्याचे असतात. त्यांच्या पंक्तीत अभियांत्रिकीचे पान मांडावयाचे म्हणजे खिरीच्या वाटीशेजारी लोखंडी खिळा ठेवण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु या विषयाची निवड करण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, दरवर्षी या पंचक्रोशीतील कितीतरी मुलेमुली बारावी होऊन अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकतात. एकेकाळी या विद्येसाठी पुण्यास जावे लागे. तेथे १८५४ साली सुरू झालेल्या शाळेतून पुढे मोठे महाविद्यालय उभे राहिले. आज तसे करण्याची गरज नाही. खुद्द वसईत विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून चालू आहे. मुले जातात, आईबाप फी भरतात. पण पहिल्या वर्षी तेथे नेमके काय शिकवतात, हे घरात कोणास सांगता येत नाही. पुष्कळदा मुलासही येत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जे अभियांत्रिकी कधीच शिकणार नाहीत त्यांनाही तिच्या पोटातच राहावयाचे आहे. आपण तिच्या छपराखाली निजतो, तिच्या पुलावरून कामावर जातो, तिने आणलेले पाणी पितो. २०११ च्या शिरगणतीत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. इतक्या माणसांचे रोजचे बरेवाईट ज्या विद्येवर अवलंबून आहे, तिची चार मुळाक्षरे गावास ठाऊक असावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

मोजणे आणि रेखाटणे

विज्ञान विचारते, ‘हे असे का होते?’ अभियांत्रिकी विचारते, ‘हे किती, कशाने, किती खर्चात आणि किती दिवस टिकेल?’ या ‘किती’पासून तिचा आरंभ होतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास प्रथम मापे शिकवावी लागतात. मुले हसतात, कारण मापे चौथीतच झाली असे त्यांना वाटते. पण आपल्याकडे जमीन गुंठ्याने विकतात, घर चौरस फुटाने, वाळू ब्रासने, सळई किलोने. सळईची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये सांगतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. अशी पाच भाषांतील मापे एका हिशेबात आली की चूक शिरावयास दार उघडेच असते. १९९९ साली अमेरिकेने मंगळाकडे पाठविलेले एक यान असेच बुडाले. एका गटाची आकडेवारी पौंडांत होती आणि दुसऱ्या गटाने ती न्यूटनमध्ये आहे असे धरले. मंगळाच्या वाटेवर जी चूक होते ती आचोळ्याच्या रस्त्यावर होणार नाही, असे कोणी समजू नये.

मापानंतर रेखाटन. गवंड्याच्या पिशवीत ओळंबा, गुण्या आणि पाणसळ ही तीन हत्यारे असतात. उभे ते उभे आहे काय, काटकोन तो काटकोन आहे काय आणि आडवे ते आडवे आहे काय, हे ती सांगतात. अभियांत्रिकी चित्र म्हणजे हीच तीन हत्यारे कागदावर आणणे होय. एक वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, ही तीन दृश्ये अशी काढावयाची की ज्याने वस्तू कधी पाहिली नाही त्याला ती जशीच्या तशी घडवता यावी. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात गास्पार माँज याने ही रीत शास्त्रशुद्ध केली, ती किल्ल्यांच्या तटबंदीची आखणी सोपी करण्याच्या प्रयत्नातून. तिचे महत्त्व असे की ती काही काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली. आपल्या वसईच्या किल्ल्यात जे टोकदार बुरूज आहेत, त्यांची आखणीही भूमितीचीच. एका बुरुजावरून शेजारच्या तटाचा पाया नजरेत यावा आणि मारा करता यावा, म्हणजे तटाखाली कोठे आडोसा उरत नाही, असा त्यातील हिशेब आहे. रविवारी किल्ल्यात फिरावयास जाल तेव्हा तो कोन मुलांना दाखवा. पहिल्या वर्षाचा एक धडा तेथे दगडात लिहिलेला आहे.

तोल

आता खऱ्या अर्थाने पहिला सिद्धांत. जी वस्तू स्थिर आहे तिच्यावर काहीच बळ नाही असे नव्हे, तर तिच्यावरील सर्व बळांची बेरीज शून्य आहे. हे सभागृहाचे छत खाली येऊ पाहते आहे. भिंती आणि खांब तेवढ्याच जोराने त्यास वर रेटत आहेत. हा रेटा आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण निवांत बसलो आहोत. विद्यार्थ्यास आम्ही सांगतो की, ज्या भागाचा विचार करावयाचा तो मनाने बाजूला काढ, त्यास कोण कोठून ढकलते आणि कोण कोठून ओढते ते बाण काढून दाखव. निम्मे अभियांत्रिकी या एका सवयीत आहे. बाण राहून गेला की उत्तर चुकले.

पण नुसती बेरीज शून्य असून भागत नाही; बळ कोठे लागते हेही पाहावे लागते. कावडीचे उदाहरण घ्या. दीड मीटर लांबीच्या कावडीच्या एका टोकास वीस किलो आणि दुसऱ्यास दहा किलो भाजी आहे. खांदा मध्यावर ठेवला तर कावड कलते. वाहणारा काय करतो? खांदा जड बाजूकडे सरकवतो, जड टोकापासून अर्ध्या मीटरवर आणि हलक्या टोकापासून एक मीटरवर. वीस गुणिले अर्धा म्हणजे दहा, आणि दहा गुणिले एक म्हणजेही दहा. तोल साधला. भार गुणिले अंतर या राशीस पुस्तकात भारदस्त नाव आहे, पण वाडीतून बाजारात भाजी नेणाऱ्याच्या खांद्याला ती नावावाचून कळत असे. हाच न्याय घराच्या सज्जाला लागतो. सज्जाच्या कडेवर उभा असलेला माणूस भिंतीलगत उभ्या असलेल्या माणसाइतकाच जड असतो. पण सज्जाच्या मुळाशी तो कितीतरी अधिक जोर लावतो. म्हणून सज्जाच्या टोकाला मातीच्या कुंड्या आणि पाण्याचे पिंप ठेवणे यात सौंदर्यदृष्टी असेल, तोलाची दृष्टी नाही.

भार आणि क्षेत्रफळ

पाणथळ खाजणात उभे राहिले की पाय रुततो. तेथेच एक रुंद फळी टाकून तिच्यावर उभे राहिले की रुतत नाही. वजन तेच आहे, पण ते अधिक जागेवर पसरले. भारास क्षेत्रफळाने भागावयाचे, हा पहिल्या वर्षाचा बहुधा सर्वांत उपयोगी भागाकार आहे. पदार्थ मोडतो तो एकूण भाराने नव्हे, तर दर चौरस मिलिमीटरवर किती भार येतो त्याने.

हाच भागाकार आपल्या दारात मोठ्या अडचणीत कामी आला. सुरतेकडून निघालेली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचली. वाटेत वैतरणा आणि शेवटी आपली वसईची खाडी. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना आजही गाडी पाण्यावरून जाते. भरती-ओहोटीच्या पाण्यात आणि चिखलाच्या तळावर दगडी पाया घालणे महाकर्मकठीण. या रेल्वेने आपल्या अनेक पुलांना फिरकीचे लोखंडी खांब वापरले. खांबाच्या टोकाशी रुंद पात्याचा आटा असे, आणि तो स्क्रूसारखा फिरवीत जमिनीत उतरवीत. पात्यामुळे भार पसरे, म्हणजे खाजणातली फळीच, पण जमिनीच्या पोटात बसवलेली. ही युक्ती काढणारा आयर्लंडचा अलेक्झांडर मिचेल हा तरुणपणीच आंधळा झालेला गृहस्थ होता. त्याने तिचे पेटंट १८३३ साली घेतले. डोळे नसलेल्या माणसाने जमिनीच्या आतला प्रश्न सोडविला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जमिनीच्या आत आपणा सर्वांचीच दृष्टी सारखी असते.

त्या रेल्वेच्या पुलांवरचे सांगाडे त्रिकोणांचे होते. ते का, हे घरी करून पाहता येते. बांबूचे चार सारखे तुकडे टोकाशी सुतळीने बांधून चौकोन करा आणि एक कोपरा दाबा. चौकोन लगेच तिरका होतो. तीन तुकड्यांचा त्रिकोण करा. बांबू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. चौकोनात एक कर्ण घातला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. कौलारू घराच्या छपराखाली जी कैची असते, ती हेच करते. मोठ्या पुलाची कैची ही आपल्या आजोबांच्या घरातील कैचीची नातलग आहे, आणि तिला भिण्याचे विद्यार्थ्यास कारण नाही.

दाब आणि ताण

पदार्थाला दोन प्रकारे छळता येते. त्याला दाबता येते किंवा ताणता येते. दोरी ताण सोसते, पण दाबली तर गोळा होते. दगड दाब सोसतो, पण ताणला तर तडकतो. वसईचा काळा दगड इतका नावाजलेला होता की तो समुद्रमार्गे गोव्याच्या चर्चबांधणीस गेला. तरीही त्याच दगडाची लांब आडवी तुळई टाकली तर ती मध्ये मोडेल. कारण तुळई वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. जुन्या कारागिरांनी यावर तोडगा काढला तो कमानीचा. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो आणि ताणास वावच उरत नाही. किल्ल्यातील चर्चांची लाकडी छपरे केव्हाच गेली, पण पुष्कळ कमानी अजून उभ्या आहेत. मात्र कमानीचा रेटा बाजूला जातो आणि शेवटी जमिनीवर येतो. जमीन सरली की संपले. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने तटावर नुसता तोफांचा मारा केला नाही. तटाच्या पोटाखाली सुरुंग लावले. बुरूज कितीही जाड असो, त्याचे बळ पायाएवढेच असते, हे त्या सुरुंग खोदणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

आजचे काँक्रीट हा एक प्रकारे ओतीव दगडच आहे. दाबाला दणकट, ताणाला दुबळा. ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. म्हणून जेथे ताण येतो तेथे पोलादी सळई घालावयाची. दोन खांबांवर टेकलेल्या तुळईत ताण खाली येतो, तेव्हा मुख्य सळई खाली. भिंतीबाहेर आलेल्या सज्जात मात्र ताण वरच्या बाजूस येतो, तेव्हा मुख्य सळई वर. हे एवढे वाक्य ज्याला कळले त्याला पहिल्या वर्षाचे निम्मे बळशास्त्र कळले असे आम्ही समजतो. सळई तीच, वजन तेच, खर्च तोच. पण सेंटरिंगवर काम करणाऱ्यांच्या पायाखाली ती वरून खाली दबली, तर सज्जा कागदावर सुरक्षित आणि प्रत्यक्षात धोक्याचा होतो.

याबरोबर पाण्याची गोष्ट. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात पाणी अधिक ओतण्याचा मोह प्रत्येक कामावर होतो. सिमेंटच्या मानाने पाणी जितके अधिक तितकी ताकद कमी, हे डफ अब्राम्स याने १९१८ सालीच दाखवून दिले आहे. जादा पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. आपल्या खाऱ्या हवेत त्या छिद्रांतून क्षार आत शिरतात आणि सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून सळई आतून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून टाकते. छताचे पोपडे पडून तांबूस सळई दिसू लागली की ते रंगाऱ्याचे काम राहिले नाही, हे घरमालकाने ओळखावे. उलट, ओतलेल्या काँक्रीटवर पुढे कित्येक दिवस पाणी मारले पाहिजे. जेथे घालू नये तेथे पाणी घालतात आणि जेथे मारावे तेथे मारीत नाहीत, असा उफराटा प्रकार जागोजाग दिसतो.

सुरक्षिततेचा गुणाकार

आता एका खोलीचा हिशेब करू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद खोली, वर साडेबारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब. घनफळ दीड घनमीटर; घनमीटरला अडीच हजार किलो धरले तर ३,७५० किलो. माणसे, कपाटे, पलंग यांसाठी भारतीय मानक राहत्या घरात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरावयास सांगते. बारा चौरस मीटरचे २,४०० किलो. बेरीज ६,१५० किलो. म्हणजे भिंती आणि फरशी सोडून एका खोलीच्या डोक्यावर सहा टनांहून अधिक भार! पण अभियंता येथे थांबत नाही. तो यास दीडपट करतो, म्हणजे सव्वानऊ टन धरतो. शिवाय काँक्रीटची चाचणीत दिसलेली ताकद पूर्ण न धरता तिला दीडने भागतो, आणि सळईच्या ताकदीला १.१५ ने.

हा भित्रेपणा नव्हे. लग्नघरी एका खोलीत चाळीस माणसे जमतात, एखादी गोणी हलक्या सिमेंटची निघते, एखादा खांब ओळंब्यात किंचित चुकतो. या सर्व मानवी गोष्टींना दिलेली ती जागा आहे. आमची विद्या माणूस चुकणार हे गृहीत धरून चालते. पण ती जागा चुकीसाठी राखलेली असते, लोभासाठी नव्हे. नकाशा चार मजल्यांचा आणि वर पाचवा चढवला, की खालच्या प्रत्येक खांबाला तो भार वाहावा लागतो; त्याची संमती मात्र कोणी विचारलेली नसते. सळई एक सूत बारीक घेतली, वाळू खाडीची घेतली, एका दुकानासाठी तळमजल्याची भिंत काढली, असे एकेक करताना काहीच पडत नाही. त्यामुळे काही बिघडले नाही असा समज होतो. प्रत्यक्षात दरवेळी त्या दीडपटीतून थोडे थोडे उसने घेतले जात असते.

श्रोतेहो, २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणेशचतुर्थीची पहाट उजाडण्यापूर्वी, विरार पूर्वेस विजयनगरात रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. सतरा माणसे गेली. इमारत अनधिकृत असल्याचे महापालिकेने सांगितले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. ते या व्यासपीठाचे काम नव्हे. पण ‘अनधिकृत’ या शब्दाचा अभियांत्रिकीतील अर्थ सांगणे आमचे काम आहे. लोकांना वाटते, अनधिकृत म्हणजे एखादा शिक्का राहिला, एखादी फी भरली नाही. शिक्का हे बाह्य चिन्ह आहे. त्यामागे एक जबाबदार माणूस असावयाचा असतो, ज्याने वरील गुणाकार केला, पायाखालची जमीन तपासली, सळई मोजली आणि खाली आपले नाव लिहिले. अनधिकृत इमारतीत हे नाव लिहिणारा माणूसच नसतो. जी माणसे अशा घरात राहावयास येतात ती काही हौसेने येत नाहीत. आयुष्याची पुंजी घालून परवडेल ते घर घेतात, आणि भिंतीच्या आत पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी नसते. त्यांच्या वतीने ज्याने पाहावयाचे, त्यालाच अभियंता म्हणतात.

काम, कार्यक्षमता आणि आपल्या विहिरी

आता दगडमातीकडून पाण्याकडे वळू. आपल्या पश्चिम पट्ट्यातील वाड्या, केळी आणि पानवेली, विहिरींवर आणि बावखलांवर पोसल्या गेल्या. विहिरीवर रहाट असे, बैल फिरे आणि माळेवरची गाडगी एकामागून एक पाणी वर आणीत. पाच मीटर खोलीवरून एक हजार लिटर पाणी काढण्यास लागणारे काम म्हणजे हजार किलो गुणिले ९.८ गुणिले पाच, अर्थात ४९,००० ज्यूल. विजेचा एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार करा: एका युनिटात सुमारे ७३,००० लिटर! प्रत्यक्षात पंप आणि नळ निम्मी शक्ती घर्षणात घालवतात असे धरले तरी छत्तीस हजार लिटर उरतात. मिळालेले काम भागिले घातलेली शक्ती, यास कार्यक्षमता म्हणतात. ती पहिल्या वर्षी शिकतात आणि ती वाढवावयाची असते, असेही शिकतात.

पण याच्या पुढचा धडा आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. रहाटाला बैल दमण्याची मर्यादा होती. पंप दमत नाही. दोन-चार रुपयांच्या विजेत टँकर भरू लागले, तेव्हा विहिरीची मर्यादा कोणी ठरवावयाची? समुद्रकाठच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणून ४१ मीटर उंचीचा गोड्या पाण्याचा स्तंभ ४० मीटर खाऱ्या पाण्याला तोलून धरतो. याचा अर्थ असा की, समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते खाऱ्याला दाबून ठेवते. हा हिशेब हॉलंडच्या बाडोन-खायबेन याने १८८८ मध्ये आणि जर्मनीच्या हेर्झबर्गने १९०१ मध्ये मांडला. आता उलट पाहा. पंपाने पाण्याची पातळी एक मीटरने खाली आणली, तर तोल साधेपर्यंत खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. मघाची कावडच ही. मात्र एका टोकाचे एक किलो काढले की दुसरीकडून चाळीस किलोंनी धावून येणारी. पुष्कळ विहिरी मचूळ झाल्या त्या काही शापाने नव्हेत. १९८०-९० च्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने पाण्याचा हा उपसा थांबावा म्हणून आवाज उठविला. काहींना ती भावनेची चळवळ वाटली. वर केलेला हिशेब पाहता तिच्या बाजूस एक साधे गणितही होते, असे आम्हांस म्हणावे लागते.

आले किती, गेले किती

शेवटचा सिद्धांत वाण्याच्या वहीइतका सोपा आहे. आलेले पाणी वजा गेलेले पाणी म्हणजे साठलेले पाणी. एक हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी होते. दहा चौरस किलोमीटरवर तोच पाऊस म्हणजे दहा लाख घनमीटर. समजा, हे सारे एकाच नाल्याने जावयाचे आहे. नाला दहा मीटर रुंद, दोन मीटर खोल आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर, तर सेकंदास वीस घनमीटर जाईल. पन्नास हजार सेकंद, सुमारे चौदा तास लागतील. त्यात खाडीला भरती आली, की काही तास नाल्याचे तोंडच बंद. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्यात गेले आणि लोकलगाड्या थांबल्या, तेव्हा आकाशाला दोष देणारे पुष्कळ होते. वहीतली वजाबाकी करणारे थोडे.

ते पाणी पूर्वी कोठे थांबत असे? एक चौरस किलोमीटर सखल जमिनीवर एक मीटर पाणी उभे राहिले, तर तेही बरोबर दहा लाख घनमीटर होते. खाजणे, मिठागरे, बावखले ही भरती उतरेपर्यंत पाणी सांभाळणारी गोदामे होती. गोदाम भरावाने बुजवले म्हणजे माल नाहीसा होत नाही. तो घरात येतो. मातीऐवजी काँक्रीट पसरले म्हणजे मुरणारे पाणीही वाहू लागते आणि ‘आले’ची बाजू आणखी वाढते.

खारबांधाच्या उघाडीची रचना आठवा. बाहेरून भरतीचे पाणी दाबू लागले की झडप आपोआप मिटते; ओहोटी लागली की आतले पाणी तिला उघडून बाहेर जाते. पाण्याच्याच बळाने पाण्यावर पहारा. पुण्याच्या महाविद्यालयातून १८८३ साली बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, त्यांची जातकुळी हीच. आज यंत्रांत आणि संगणकांत जे स्वयंनियमन शिकवतात, त्याचे बीज त्या उघाडीत आहे. फक्त झडपेत गाळ आणि कचरा अडकू न देण्यास माणूस लागतो, आणि ते माणसाचे काम अजून कोणत्याही झडपेने आपल्या अंगावर घेतलेले नाही.

बंधुभगिनींनो, मोजमाप, रेखाटन, तोल, भार आणि क्षेत्रफळ, दाब आणि ताण, सुरक्षिततेचा गुणाकार, कार्यक्षमता आणि पाण्याची वजाबाकी, एवढीच ही मुळाक्षरे. यांत बारावीच्या मुलीला न समजण्यासारखे काही नाही, आणि तिच्या आजीलाही नाही. ज्यांची मुले यंदा प्रवेश घेतील त्यांना आमची विनंती आहे की, पहिल्या सत्राअखेर किती गुण मिळाले हे अवश्य विचारा. पण आपल्या घराच्या सज्जात सळई वर हवी की खाली, हेही विचारा. विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की, ज्या कागदाखाली पुढे तुम्ही नाव लिहाल त्यातील प्रत्येक आकडा स्वतः करून पाहा. कोणी आग्रह करील, घाई करील, पैसे देऊ करील; तरी हिशेब बसत नसेल तर सही करू नका.

आणि जे घर घेणार आहेत, त्यांनी किंमत, दिशा आणि स्टेशनपासूनचे अंतर विचारण्याआधी मंजूर नकाशा मागावा आणि बांधकामाचा हिशेब कोणी केला, त्या अभियंत्याचे नाव विचारावे. हे विचारण्यास पैसे पडत नाहीत. दहा जणांनी विचारले तर विकणारा कंटाळेल; हजारांनी विचारले तर त्यास उत्तर तयार ठेवावे लागेल.